सिस्टीम एक्स्टेंशन अडवले जाणे (मॅकओएस)

मॅकवर एखादे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ‘सिस्टीम एक्स्टेंशन ब्लॉक्ड’ असा इशारा येतो, तेव्हा बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. परवानगी मिळेपर्यंत मॅकओएसने सिस्टीम एक्स्टेंशन, म्हणजे सिस्टीमच्या कामात खोलवर शिरणारा त्या सॉफ्टवेअरचा एक घटक, थांबवून ठेवलेला असतो, एवढेच. अँटिव्हायरस, व्हीपीएन, ऑडिओ इंटरफेसचे ड्रायव्हर आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर यांच्या बाबतीत हे हमखास घडते. खरी अडचण ती परवानगी नेमकी कुठे द्यायची हे शोधण्यात असते, कारण ती जागा आवृत्तीगणिक बदलत गेली आहे.

पूर्वी असे घटक कर्नल एक्स्टेंशन (केक्स्ट) म्हणून थेट कर्नलमध्ये, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्यात, शिरत. त्यातली एखादी चूक अख्खा संगणक बंद पाडू शके. २०१७च्या मॅकओएस हाय सिएरा या आवृत्तीपासून (१०.१३) नव्या केक्स्टला वापरकर्त्याची संमती सक्तीची झाली, जुन्या आवृत्तीवर आधीपासून असलेले केक्स्ट मात्र अपग्रेडनंतरही चालू राहिले. २०१९च्या कॅटलिनाने (१०.१५) कर्नलबाहेर चालणारी सिस्टीम एक्स्टेंशन आणली. संमती मात्र त्यांनाही लागते.

मॉन्टेरेपर्यंत (१२) ‘अलाउ’ हे बटण सिस्टीम प्रेफरन्सेसमधील सिक्युरिटी अँड प्रायव्हसीत, जनरल या टॅबखाली असे आणि ते दाबण्याआधी अनेकदा कोपऱ्यातले कुलूप उघडावे लागे. व्हेंचुरापासून (१३) ते सिस्टीम सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत, बरेच खाली गेले. सिकोयात (१५) सिस्टीम एक्स्टेंशनांचे स्विच जनरलमधील लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेंशन्समध्ये मिळतात.

केक्स्टच्या बाबतीत एक खोच आहे. इशाऱ्यानंतर हे बटण फक्त ३० मिनिटे दिसते. सॉफ्टवेअर पुन्हा चालवून केक्स्ट लोड करायचा प्रयत्न झाला की बटण परत येते, पण इशारा परत येत नाही. त्यामुळे ‘आता काहीच विचारत नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसणारे बरेच असतात. सेटिंग्ज उघडून पाहिले असते तर काम तिथेच झाले असते.

बटण दिसते पण दाबले जात नाही, हा दुसरा नेहमीचा प्रकार. दूरच्या संगणकावरून स्क्रीन शेअर करून केलेले किंवा एखाद्या प्रोग्रॅमने घडवलेले क्लिक मॅकओएस इथे मुद्दाम धुडकावते, नाहीतर घातक सॉफ्टवेअरने स्वतःच स्वतःला परवानगी दिली असती. अशा वेळी त्या यंत्रासमोर बसून साध्या माउसने किंवा ट्रॅकपॅडने क्लिक करावे.

ॲप डाउनलोड्स फोल्डरमधूनच चालवले तर सिस्टीम एक्स्टेंशन सुरू होत नाही. ते ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये हलवावे लागते. नेमकी स्थिती टर्मिनल या आज्ञा टाइप करण्याच्या ॲपमधून एक्स्टेंशनांची यादी मागवल्यावर कळते. नावापुढे ‘ॲक्टिव्हेटेड वेटिंग फॉर युजर’ असेल तर संमती बाकी आहे, ‘ॲक्टिव्हेटेड इनेबल्ड’ असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. ‘टर्मिनेटेड वेटिंग टू अनइन्स्टॉल ऑन रीबूट’ म्हणजे जुनी आवृत्ती काढून टाकण्यासाठी रीस्टार्टची वाट पाहत आहे.

ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर केक्स्टसाठी अलाउ पुरत नाही. संगणक बंद करून, पॉवर बटण दाबून धरून रिकव्हरी या दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मोडमध्ये जावे लागते आणि स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत ‘रिड्यूस्ड सिक्युरिटी’ निवडून ओळखीच्या डेव्हलपरांच्या केक्स्टना मुभा द्यावी लागते. त्यानंतर अलाउ आणि पुन्हा रीस्टार्ट. एवढा खटाटोप करण्याआधी त्या सॉफ्टवेअरची केक्स्टविना चालणारी नवी आवृत्ती आहे का ते पाहावे. बहुतेकदा तोच शहाणपणाचा मार्ग ठरतो. यंत्र कचेरीचे असेल तर ही परवानगी व्यवस्थापन प्रोफाइलमधून, म्हणजे कचेरीने यंत्रावर लावलेल्या सेटिंग्जमधून, आधीच दिलेली वा नाकारलेली असू शकते, आणि तिथे वापरकर्त्याने सेटिंग्ज धुंडाळून उपयोग नसतो.