गोव्यातल्या पारोकीचा शरद ऋतू: तेर्सापासून सिमितेरीपर्यंतची पार्श्वभूमी

पाऊस ओसरला की गोव्यातल्या पारोकीचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक वस्तीचे, जगणे चर्चच्या छपराखालून पुन्हा अंगणात, वाटेवर येते. ऑक्टोबरभर वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) तेर्स, म्हणजे माळ जपत म्हणायची रोझरीची प्रार्थना, सायबिणीच्या (मारिया मातेच्या) मूर्तीची घरोघर फेरी, मग 1 आणि 2 नोव्हेंबर हे सर्व संतांचे आणि मृतांचे दिवस, पुढे फेस्तांची (चर्चच्या सणांची) रांग आणि 3 डिसेंबरला जुन्या गोव्यातले संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त. यातल्या तेर्साविषयी आणि फेस्तांविषयी दरवर्षी भरपूर लिहून येते. सिमितेरीची, म्हणजे दफनभूमीची, आठवण मात्र फक्त 2 नोव्हेंबरला होते. प्रत्यक्षात पारोकीच्या सभेत आवाज चढतात ते बहुधा तिथल्या जागेवरून, म्हणून या टिपणात सिमितेरीला जास्त जागा दिली आहे.

आधी ऑक्टोबर. 7 ऑक्टोबर ही रोझरी सायबिणीची तारीख 1571 च्या लेपांतोच्या आरमारी लढाईवरून आली. 1716 मध्ये हा सण सगळ्या चर्चसाठी लागू झाला आणि 1883 मध्ये पोपच्या आवाहनाने अख्खा ऑक्टोबर तेर्साला वाहिला गेला. वाड्यांवरची 31 संध्याकाळची पाळी, म्हणजे आज कोणाच्या घरी आणि उद्या कोणाच्या, याच्या मुळाशी ते 1883 चे आवाहन आहे. अलीकडचा मोठा बदल ऑक्टोबर 2002 मधला. तेर्स म्हणताना येशू-मारियेच्या जीवनातल्या ज्या प्रसंगांचे, म्हणजे रहस्यांचे, मनन करतात, त्यांच्या आनंद, दुःख आणि वैभव या तीन संचांना प्रकाशाचे रहस्य हा चौथा संच जोडला गेला आणि त्याला गुरुवार मिळाला. त्याआधी सोमवार-गुरुवारी आनंदाची, मंगळवार-शुक्रवारी दुःखाची आणि उरलेल्या तीन दिवशी वैभवाची रहस्ये म्हटली जात. आता आनंदाची रहस्ये सोमवारी आणि शनिवारी असतात. जुन्या प्रार्थनेच्या वह्या वापरणाऱ्या घरांत गुरुवारी आणि शनिवारी अजून गडबड होते. पाळीच्या कागदावर यजमान घराच्या नावाशेजारी त्या दिवसाचा संचही लिहिला, तर म्हणणाऱ्यांना मध्येच थांबून एकमेकांकडे बघावे लागत नाही.

सायबिणीची फेरी त्या मानाने नवी. फातिमाच्या मूर्तीची जगभरची यात्रा 1947 मध्ये सुरू झाली आणि तिच्या प्रभावाने मूर्ती घरोघर नेण्याच्या प्रथेने मूळ धरले. मूर्ती एका घरी एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होईपर्यंत राहते, मग मेणबत्त्या घेऊन शेजारच्या घरी जाते. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस पुष्कळदा येतो, म्हणून पुढच्या घराचे अंतर कमीत कमी राहील असा क्रम लावावा. नावांच्या याद्या वर्णक्रमाने लावल्या की मूर्ती वाड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरत राहते आणि म्हातारी माणसे मागे पडतात. जंत्रीतला सण आणि गावचे फेस्त यांच्या तारखाही एक असतील असे धरून चालू नये. नावेलीचे चर्च रोझरी सायबिणीचे, पण तिथले फेस्त आणि फेरी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी असते. कोंणसांच्या (भाताच्या नव्या कणसांच्या) फेस्तालाही बाहेरचे लोक शरदातले समजतात. ते ऑगस्टमधले असून रायच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला होते.

आता नोव्हेंबर. 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत फ्रान्समधल्या एका मठात 998 च्या सुमारास सुरू झाली. त्या दिवशी पाद्र्याने तीन मीस (मिस्सा) करण्याची मुभा स्पेन आणि पोर्तुगालच्या राज्यांना 1748 मध्ये मिळाली. उरलेल्या जगाला ती 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या लोंढ्यानंतर मिळाली. 1 ते 8 नोव्हेंबर या आठवड्यात सिमितेरीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला त्यांच्यासाठी पूर्ण क्षमादान (पापांच्या शिक्षेतून सूट) मिळवता येते. 2020 मध्ये महामारीमुळे ही मुदत अख्ख्या महिन्यावर नेली गेली. गर्दी 2 तारखेच्या एका संध्याकाळीच का व्हावी, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला, आणि तो विचारला गेला हे बरेच झाले.

पण मृतांना पुरायचे कुठे, याचा इतिहास वेगळा आहे. 1835 पर्यंत गोव्यातही पुरणे चर्चच्या आत, फरशीखाली होत असे. जुन्या गोव्याच्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये चालताना पायाखाली घराण्यांची चिन्हे कोरलेल्या शिळा येतात, त्या त्याच काळातल्या. ज्याला दान देणे परवडे त्याला वेदीजवळची जागा मिळे, इतरांना दाराकडची किंवा बाहेरच्या अंगणातली. फरशीखालची जागा मोजकी, त्यामुळे जुनी हाडे बाजूला सारून नवे प्रेत ठेवणे नेहमीचेच होते. 21 सप्टेंबर 1835 च्या पोर्तुगीज हुकुमाने चर्चमध्ये पुरायला बंदी केली आणि वस्तीबाहेर, भिंतीने वेढलेल्या दफनभूमी बांधायला सांगितले. कारण आरोग्याचे होते, पण काळ असा की मठ आणि धार्मिक संघ नुकतेच बंद केले गेले होते, आणि भाविकांना हा हुकूम त्याच माळेतला मणी वाटला. पोर्तुगालच्या मिन्यो भागात 1846 मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावामागे चर्चमधल्या दफनबंदीचा राग हे एक मोठे कारण होते. पुढे 1917 च्या चर्चच्या कायद्यानेच मोजके अपवाद सोडून चर्चमध्ये पुरायला मनाई केली. 1983 च्या कायद्यात तर ती मुभा फक्त पोप, कार्दिनाल आणि आपल्या धर्मप्रांताचे बिशप यांच्यापुरती उरली. ज्या बंदीविरुद्ध लोक सरकारशी भांडले तीच सुमारे सत्तर वर्षांनी चर्चचा स्वतःचा नियम झाली.

गोव्याच्या सिमितेरी या हुकुमानंतर आकाराला आल्या. चिऱ्याची भिंत, मधोमध खुरीस किंवा छोटे कपेल (प्रार्थनाघर), आणि काहींच्या दारावर 'आयज माका, फाल्यां तुका' (आज मला, उद्या तुला). चर्चच्या फरशीखालची एक सवय मात्र तशीच इथे आली, ती म्हणजे जागा फिरती ठेवण्याची. साधा फोंड, म्हणजे कबरीचा खड्डा, काही वर्षांनी, पुष्कळ ठिकाणी तीनेक वर्षांनी, उघडायचा, हाडे भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक हाडकुव्यात ठेवायची आणि तोच फोंड पुढच्याला द्यायचा. यालाच जोडून कायमच्या, संगमरवरी लादी घातलेल्या घराण्याच्या फोंडांची पद्धतही चालत आली. वादाचे मूळ तिथेच आहे.

सिमितेरीची भिंत वाढत नाही आणि कायमचा फोंड एकदा दिला की ती जागा फेऱ्यातून बाहेर जाते. 1961 नंतर, आणि विशेषतः आखातातल्या नोकऱ्यांचा ओघ सुरू झाल्यावर, घरटी कमाई वाढली आणि कायमच्या फोंडाची मागणीही वाढली. घराणी मात्र पांगली. आज अशा फोंडांवर नोव्हेंबरमध्येसुद्धा मेणबत्ती दिसत नाही, कारण ज्यांनी पैसे भरले त्यांची नातवंडे गोव्याबाहेर आहेत. नवीन कायमचे फोंड बंद करण्याचा ठराव पारोकीच्या सभेत आला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, आमच्या आजोबांनी रीतसर पैसे भरले, पावती आहे, हाडे हलवायची नाहीत. दुसरी म्हणते, गावात कोणी गेले की फोंड शोधत फिरावे लागते. पहिल्या बाजूचे एक म्हणणे अगदी रास्त आहे: दिलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि ज्यांना खरोखर कायमचा म्हणून दिला त्यांच्याकडून तो संमतीशिवाय काढणे अन्यायच. पण नवे कायमचे फोंड देणे थांबवण्यात कोणाचाही शब्द मोडत नाही. मरणानंतर गरिबाची हाडे तीन वर्षांत हलतात आणि पैसेवाल्याची कधीच नाही, हे चर्चच्या फरशीवरचे जुने अंतर सिमितेरीत पुन्हा उभे राहिले आहे, आणि ते बोलून दाखवायला हवे.

फिरत्या फोंडाविरुद्धचा खरा आक्षेप दुसराच आहे. ठरलेल्या मुदतीनंतर उघडल्यावर प्रेत पुरते विरलेले नसते आणि घरच्यांना ते पाहावे लागते. हा दोष फिरवण्याच्या पद्धतीचा नाही, पुरण्याच्या तऱ्हेचा आहे. सागवानी, पॉलिश केलेली पेटी वर्षानुवर्षे टिकते. आतले नायलॉनचे अस्तर, पॉलिएस्टरचा सूट, बूट आणि प्लास्टिकची फुले विरतच नाहीत. खाजनाकाठच्या (खाऱ्या पाण्याच्या शेतजमिनीकाठच्या) सखल गावांत पावसाळ्यात फोंडात पाणी साचते, हवा पोचत नाही आणि मांसाचा साबणासारखा घट्ट, पांढुरका थर होऊन तो तसाच राहतो. उपाय साधे आहेत: हलक्या लाकडाची बिनपॉलिशची पेटी, सुती कपडे, पायात काही नको, पॉलिथिन अजिबात नको. खोलीही जमिनीप्रमाणे ठरवावी. पठारावर तीन-चार फुटांवर कातळ लागतो आणि सखल भागात तितक्याच खोलीवर पाणी, म्हणून सगळीकडे सहा फुटांचा हट्ट चालत नाही. मग वरचा मातीचा ढीग उंच ठेवून, पाणी बाजूला जाईल असा चर काढावा लागतो.

हाडांच्या कोनाड्याचे मापही पुष्कळदा चुकते. मोठ्या माणसाच्या मांडीचे हाड सुमारे 45 सेंटिमीटर असते, त्यामुळे आतून 50 सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीचा कोनाडा काही कामाचा नाही. हाडे धुऊन सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय लादी बसवली तर आत बुरशी धरते आणि ओल लादीच्या सांध्यातून बाहेर पाझरते. कोनाड्यात ठेवायच्या हाडांच्या पेटीला दोन बाजूंनी बोटभर भोके ठेवली की हे टळते.

त्यात गेल्या काही वर्षांत दहनाचा प्रश्न मिसळला. कॅथलिकांना दहनाची परवानगी 1963 पासून आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये, नेमके मृतांच्या दिवसाच्या तोंडावर, रोमहून सूचना आली की राख घरी ठेवू नये, वाटून घेऊ नये, उधळू नये, तर पवित्र जागी ठेवावी. म्हणजे बहुधा सिमितेरीतच. त्यामुळे राखेसाठीही कोनाडे लागणार आणि ते हाडांच्या कोनाड्यांहून लहान चालतात. एका भिंतीत दोन्ही मापे आधीच आखून घेतली तर पुढे फोडाफोड करावी लागत नाही.

ऑक्टोबरमधल्या साफसफाईचे वेळापत्रक या सगळ्याशी जोडलेले आहे. गवत महिन्याच्या सुरुवातीला कापावे, कारण ते बी धरण्याआधी काढले तर पुढच्या वर्षी कमी उगवते. चुना मात्र लगेच मारू नये. चिऱ्याची भिंत पावसाचे पाणी पिऊन बसलेली असते आणि तिला सुकायला दोन-तीन आठवडे कडक ऊन लागते. ओल्या भिंतीवर मारलेला चुना मृतांच्या दिवसापर्यंत पापुद्रे सोडतो, आणि प्लास्टिक पेंटखाली तर ओल अडकून फोड येतात. मेणबत्त्यांसाठी प्रत्येक रांगेच्या टोकाला तीन-चार इंच रेतीचे कुंड ठेवावे. संगमरवरावर वितळलेले मेण खरवडले की लादीवर ओरखडे पडतात.

सर्वात मोठी चूक याच महिन्यात होते. 2 नोव्हेंबरला रेस्पोंस (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणायला पाद्री कोनाड्यापाशी यावेत म्हणून घरची मंडळी ऑक्टोबरमध्येच फोंड उघडायची घाई करतात. त्या वेळी माती पावसाने अजून ओलीच असते, काठ ढासळतात आणि विरायचे बाकी असते तेच समोर येते. फोंड उघडायचा तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, सकाळी, घरच्या दोघा जाणत्या माणसांच्या आणि सिमितेरीच्या वहीतल्या नोंदीच्या साक्षीने. पुरते विरलेले नसेल तर तसाच झाकून मुदत एका वर्षाने वाढवावी आणि ही वाढ वहीत त्याच दिवशी लिहावी.