वन्य पक्षी छायाचित्रण

मोकळ्या रानात, माळावर, पाणथळीत किंवा परसात वावरणाऱ्या पक्ष्याचे, त्याच्या दिनक्रमात अडथळा न आणता, छायाचित्र घेण्याची कला व तंत्र. पिंजऱ्यातील, पाळीव किंवा पेंढा भरलेल्या पक्ष्यांची चित्रे यात मोडत नाहीत. प्रस्तुत नोंदीत या छंदाचा उगम, लपणाचे तंत्र आणि बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी व लगतचा दांडेली-जोयडा या सीमाभागातील त्याचे स्वरूप यांचा प्रामुख्याने विचार केला असून परदेशातील सहलींचा परामर्श शेवटी घेतला आहे.

पहिले छायाचित्र कोणाचे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १८५० च्या दशकात कोलोडियन या रसायनाचा ओला थर दिलेल्या काचपट्टीला सेकंदांचे एक्स्पोजर (प्रकाश पडू देण्याचा काळ) लागे आणि ती वाळण्याच्या आत जवळच्या तंबूत नेऊन धुवावी लागे. हलत्या पक्ष्यापुढे ही पद्धत टिकणारी नव्हती. वेल्समधील जॉन डिलविन लुएलिन यांच्या १८५६ च्या सुमाराच्या प्रसिद्ध चित्रात पाण्याकाठी उभा असलेला बगळा पेंढा भरलेला आहे, तो याच अडचणीमुळे. पुढे १८७० मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स हेविन्स यांनी स्ट्रासबर्ग येथे घरट्यावरील पांढऱ्या करकोच्याचे छायाचित्र घेतले, असे एक मत आहे. दुसरे मत ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील शास्त्रीय सफरीत घेतलेल्या पेंग्विनांच्या चित्रांना मान देते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. तो सेकंदाला १२ चित्रे टिपत असे आणि प्रत्येक चित्राचे एक्स्पोजर सेकंदाच्या सुमारे ७२० व्या भागाइतके अल्प होते. नेपल्सच्या किनाऱ्यावर त्यांनी उडत्या पक्ष्यांवर हा कॅमेरा रोखला, परंतु त्यांचा हेतू पंखांच्या हालचालीची मोजणी हा होता. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १० एप्रिल १८९२ रोजी अंड्यांसह घरट्याचे चित्र घेतले आणि बहुतेक इंग्रजी ग्रंथ या शाखेचा आरंभ त्या दिवसापासून मानतात. तथापि त्या चित्रात घरटे व अंडी आहेत, पक्षी नाही. माणसाच्या छपरावर घरटे करणारा करकोचा वन्य मानावा काय, हाही प्रश्न उरतोच. या दृष्टीने पाहता आर. बी. लॉज यांचे अंडी उबवणाऱ्या टिटवीवर्गीय पक्ष्याचे चित्र, ज्याला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने १८९५ मध्ये पदक दिले, हे आजच्या निकषांना सर्वांत जवळचे दिसते. कीर्टन बंधूंचे श्रेय मात्र त्याने कमी होत नाही, कारण पद्धत घडवली ती त्यांनीच.

ती पद्धत म्हणजे लपण, ज्याला छायाचित्रकारांच्या बोलण्यात सर्रास ‘हाइड’ म्हणतात. कीर्टन बंधूंनी १९०० च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे ताणून पोकळ बैल तयार केला आणि आत उभे राहून भिंगाला बाहेर डोकावता येईल अशी योजना केली. पक्षी गुराढोरांना बिचकत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे होते आणि ते आपल्याकडेही खरे ठरते: म्हशींच्या पायांत निर्धास्त फिरणारा गायबगळा माणूस जवळ येताच उठतो. कापडी लपण पुढे रूढ झाले. ते एकदम घरट्याजवळ न लावता आधी लांब उभारून काही दिवसांत थोडे थोडे पुढे सरकवण्याची शिस्त तेव्हापासूनची आहे. लपणात दोघांनी शिरावे आणि एकाने उघडपणे निघून जावे, म्हणजे धोका टळला असे समजून पक्षी परततो, ही युक्तीही जुनीच. ब्रिटनचे एरिक हॉस्किंग यांनी उंच मनोऱ्यावरील लपणे आणि फ्लॅश यांचा उपयोग पुढच्या टप्प्यावर नेला. १९३७ मध्ये घरट्याजवळील एका घुबडाने केलेल्या हल्ल्यात त्यांचा डावा डोळा गेला, तरीही त्यांनी हे काम सोडले नाही. अलीकडे हंगेरीच्या बेन्स माते यांनी एकतर्फी दिसणाऱ्या काचेची लपणे प्रचारात आणली. त्यांत बसलेल्या माणसाला पाणवठ्यावरील पक्षी अगदी हाताच्या अंतरावर दिसतो आणि पक्ष्याला आतले काही दिसत नाही.

भारतात ही परंपरा शिकारीच्या व अंडीसंग्रहाच्या छायेतून बाहेर आली. लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांनी १८८० च्या आसपास बेळगाव परिसरातील पक्षी व घरटी यांच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्या नोंदी आजही उपयोगी पडतात, मात्र त्या काळी पुरावा म्हणजे कातडे आणि अंडे. रेल्वेत नोकरी करणारे ई. एच. एन. लोदर, सालिम अलींचे स्नेही असलेले सिंगापूरचे लोक वान थो, मद्रासचे एम. कृष्णन आणि बंगळूरचे टी. एन. ए. पेरुमाळ व ई. हनुमंत राव या मंडळींनी पुराव्याची जागा छायाचित्राला मिळवून दिली.

सीमाभागाचे वैशिष्ट्य त्याच्या उतरत्या पर्जन्यमानात आहे. पश्चिमेस कणकुंबी, जांबोटी व भीमगड अभयारण्याचे सदाहरित रान आणि पूर्वेस अथणी-रायबागकडचे कोरडे माळ, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात येतात. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे दोघेही या पट्ट्यात कोणत्याही सीमेची दखल न घेता वावरतात. ऊसतोडणी झाल्यावर मोकळ्या झालेल्या शिवारात भोवत्ये (हॅरियर) हे हिवाळी शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत टोळ शोधतात. तारेवर बसलेल्या नीलपंखाला सकाळच्या तिरप्या उन्हात टिपण्यासाठी बांधावर गाडी उभी करून खिडकीतूनच चित्र घेणे हे इथले सर्वांत सोपे व परिणामकारक लपण आहे. गोकाक तालुक्यातील धूपदाळ बंधाऱ्याचा परिसर १९७४ पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. तेथे हिवाळ्यात कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचेही येतात. हेविन्स यांनी टिपलेला पक्षी याच दुसऱ्या जातीचा होता.

खानापूरच्या रानातील काम कष्टाचे आहे. दाट छत्रामुळे प्रकाश फार कमी मिळतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० च्या वर न्यावा लागतो आणि ५०० ते ६०० मिलिमीटरचे भिंग हातात धरून शटर मंद ठेवले तर चित्र हलते. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागते, जे मोकळ्या पाणथळीत सहज जमते आणि रानात क्वचितच. पावसाळ्यात भिंगात बुरशी धरणे ही येथील नित्याची तक्रार असून, सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा किंवा ड्राय कॅबिनेट हा त्यावरचा उपाय आहे. २०२० च्या सुमारापासून पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून फोकस धरणारे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे प्रचारात आले. त्यामुळे कौशल्याचा भार तंत्राकडून पक्ष्याच्या सवयींच्या ज्ञानाकडे सरकला आहे, आणि हा बदल स्वागतार्ह म्हटला पाहिजे.

सर्वाधिक काळजी घरट्यापाशी घ्यावी लागते. टिटवी उघड्या शेतात, खड्यांत मिसळून जाणारी अंडी घालते. एप्रिल-मेच्या उन्हात ही अंडी उबवण्यापेक्षा तापू न देणे हेच तिचे मुख्य काम असते. त्यासाठी ती पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. कॅमेरा घेऊन कोणी जवळ ठाण मांडले की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते आणि तेवढा वेळ अंडी भर उन्हात पडून राहतात. दांडेली परिसरातील कवड्या धनेशाची स्थिती याहून नाजूक आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते व अरुंद फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. ढोलीखाली गर्दी दिसली की नर चोचीत फळे घेऊन दूरच्या फांदीवर थांबतो, आणि आतल्यांचा घास लांबतो. गणेशगुडीसारख्या ठिकाणी उथळ कुंडीत पाणी ठेवून शामा, स्वर्गीय नर्तक यांसारखे पक्षी जवळून पाहण्याची सोय असते. घरट्यावरील छायाचित्रणापेक्षा ही रीत पुष्कळ बरी, अर्थात पाणी स्वच्छ ठेवले जात असेल आणि आवाजाचे रेकॉर्ड वाजवून पक्ष्याला ओढले जात नसेल तर.

कायद्यानेही घरट्याला विशेष स्थान दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, तसेच अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश होतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते आणि ती त्या त्या राज्याच्या वनखात्याकडून मिळते. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर कर्नाटकातील भीमगड, गोव्यातील म्हादई आणि महाराष्ट्रातील तिळारी ही संरक्षित क्षेत्रे एकमेकांच्या जवळ असली, तरी एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालत नाही.

परदेशातील सहलींचे प्रमाण अलीकडे वाढले आहे. खानापूरला धुवाधार पाऊस असतो त्या जून ते सप्टेंबरच्या काळात केनियात कोरडा हंगाम चालू असल्याने पूर्व आफ्रिका हा सोयीचा पर्याय ठरतो. हिवाळ्यात भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. कोस्टारिकात गुंजनपक्ष्यांसाठी (हमिंगबर्ड) साखरपाण्याच्या नळ्या टांगून अनेक फ्लॅश एकदम उडवण्याची पद्धत आहे. जपानच्या होक्काइडो बेटावरील राउसु येथे समुद्री गरुडांना बोटीवरून मासे टाकले जातात. अशी चित्रे देखणी असतात, पण चित्राखाली खाद्य टाकल्याचा उल्लेख असणे आवश्यक आहे. खाद्य देणे सर्वत्र सारखेच वाईट, असेही म्हणता येत नाही: त्याच बेटावर लाल माथ्याचे क्रौंच नामशेष होण्याच्या बेतात असताना १९५० च्या दशकात गावकऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत त्यांना मका घालण्यास सुरुवात केली आणि त्यांची संख्या सावरली.

सामानाविषयी दोन बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात न ठेवता हातातील पिशवीतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी अनुमती लागत नाही, १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची अनुमती लागते. महागडा कॅमेरा व भिंगे बाहेर नेताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून अनुक्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र घेतल्यास परतताना त्याच वस्तूंवर शुल्क भरण्याचा प्रसंग येत नाही. भिंग टेकवण्याची बीन बॅग रिकामी नेऊन मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ किंवा डाळ विकत घेऊन भरतात, म्हणजे वजनही वाचते.