नाना म्हणजे नेमके कोण?

पुण्यातल्या पर्वतीवर 23 जून 1761 रोजी वारले ते नाना. बारभाईंचे कारस्थान उभे करून इंग्रजांना झुंजवले तेही नाना. 1857 मध्ये कानपुरात लढले ते नाना, आणि मुंबईत आगगाडी यावी म्हणून झटले तेही नानाच. शाळेच्या पुस्तकात यांची गाठ वेगवेगळ्या धड्यांत पडते, म्हणून घोटाळा होत नाही. मात्र जुनी पत्रे, वंशावळी किंवा एखाद्या वाड्याचा इतिहास हाती घेतला की पहिली अडचण इथेच येते.

या गोंधळाचे मूळ घरातल्या एका रीतीत आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी चाल. बाळाजी विश्वनाथ भट 1713 मध्ये पेशवे झाले आणि 1720 च्या एप्रिलमध्ये वारले. त्यानंतर त्यांचे थोरले चिरंजीव बाजीराव यांना मुलगा झाला. त्याचे नाव अर्थातच बाळाजी ठेवले गेले. पण घरातल्या सुनेने सासऱ्यांचे नाव तोंडावर आणायचे नाही, हीसुद्धा रीतच. मग काशीबाईंनी आपल्याच मुलाला हाक कशी मारायची? अशा घरांत म्हणूनच दुसरे, हाकेचे नाव लागायचे. नाना, दादा, भाऊ, अप्पा, तात्या, बाबा ही सगळी त्यातलीच नावे. बाळाजी बाजीरावांचे 'नाना' झाले आणि पुढे मानाने 'नानासाहेब' झाले.

नेमके हेच पेशव्यांच्या फडणिसांच्या घरातही घडले. भानू घराणे बाळाजी विश्वनाथांबरोबर कोकणातून वर आले. त्या घरातले बाळाजी महादेव 1719 मध्ये दिल्लीच्या दंगलीत मारले गेले. त्यांचा मुलगा जनार्दन. जनार्दनपंतांना 12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यात मुलगा झाला, त्याचे नाव बाळाजी. त्यालाही घरात 'नाना' म्हणू लागले, हेच पुढचे नाना फडणीस. दोन्ही घराणी शेजारी ठेवून पाहिली की साखळी सारखीच दिसते. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव. बाळाजी महादेव, जनार्दन बल्लाळ, बाळाजी जनार्दन. एक धनी, एक कारभारी. पाळण्यातले नाव एक, हाकेचे नावही एक.

यातला 'बल्लाळ' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. बल्लाळ हे इथे आडनाव नव्हे. बाळाजी हे वडिलांचे नाव असले की मुलाच्या नावापुढे ते 'बल्लाळ' या रूपात येते. म्हणून थोरले बाजीराव हे बाजीराव बल्लाळ, आणि नानासाहेबांचे चिरंजीव थोरले माधवराव हेही माधवराव बल्लाळ. सवाई माधवराव मात्र नारायणरावांचे पुत्र, म्हणून माधवराव नारायण. दुसरे बाजीराव हे बाजीराव रघुनाथ. त्या काळच्या दप्तरात 'पहिला', 'दुसरा' असे आकडे नसतात. वडिलांचे नावच तो भेद दाखवते. वंशावळ मांडताना बल्लाळ हे आडनाव समजून वेगळ्या रकान्यात टाकले, की बाप आणि लेक दोन घराण्यांत फेकले जातात.

कागद सहीशिक्क्याचा असेल तर काम सोपे. नानासाहेबांच्या शिक्क्यात 'राजा शाहू नरपति हर्षनिधान बाळाजी बाजीराव मुख्य प्रधान' अशी अक्षरे असतात. शाहू महाराज 1749 मध्ये वारल्यावर छत्रपतींचे नाव बदलून 'राजाराम' झाले. म्हणजे एका शिक्क्यातून माणूसही कळतो आणि काळाची सीमाही. खरी अडचण खासगी पत्रांची. तिथे मजकुरात नुसते 'नानांनी सांगितले', 'नानांस कळवावे' एवढेच असते. पेशव्यांना 'श्रीमंत' म्हणत आणि कारभाऱ्याला 'राजश्री', हा पहिला धागा. तो प्रत्येक वेळी पुरत नाही, कारण लिहिणारा घाईत असला की बिरुद गळते.

मग सालाकडे वळावे लागते. पेशवाईच्या पत्रांत सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दप्तरातली कालगणना, असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर आणि अलफ हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होते. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. सरसकट 599 मिळवणे ही नेहमीची चूक. पानिपतची लढाई सुहूर 1161 मधलीच. 599 मिळवले तर ती 1760 मध्ये जाते, आणि ती झाली 14 जानेवारी 1761 रोजी. पत्रात शकाची तिथी असेल तर तीही पडताळून पाहावी. शके 1682, पौष शुद्ध अष्टमी. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 आणि त्यानंतर 79 मिळवायचे, म्हणजे पुन्हा 1761 च येते.

नानासाहेब वारले तेव्हा मृग नुकताच लागला होता, सुहूर 1162 सुरू होऊन काही दिवसच झाले होते. तेव्हा 'सबैन' किंवा 'समानीन' असलेल्या पत्रातले नाना पेशवे असूच शकत नाहीत. पुण्याच्या कारभारातले ते पत्र असेल तर ते नाना फडणीस, आणि 13 मार्च 1800 रोजी त्यांचा मृत्यू झाला तिथे ही ओळही संपते.

सर्वांत अवघड तुकडा पानिपतच्या मोहिमेचा. फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर होते. त्याच मोहिमेत सासवडचे नाना पुरंदरे होते. त्यांचे पाळण्यातले नाव त्र्यंबक सदाशिव. आणि नानासाहेब दक्षिणेत. म्हणजे एकाच मोहिमेच्या पत्रांत तीन नाना. इथे साल उपयोगी पडत नाही. पत्र कुठून कुठे गेले, लिहिणारा कोणत्या नात्याने बोलतो आणि उत्तर कोणी दिले, हे पाहावे लागते. फडणिसांनी पुढे आपल्या आयुष्याची छोटी हकिकत स्वतः लिहून ठेवली, तिच्यावरून पानिपतातल्या त्यांच्या हालचाली ताडून पाहता येतात.

कानपूरच्या नानासाहेबांचे पाळण्यातले नाव बाळाजी नव्हतेच. ते धोंडोपंत, वेणगावच्या माधवनारायण भटांचे पुत्र. दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये त्यांना बिठूर येथे दत्तक घेतले. 1851 मध्ये बाजीराव वारले आणि वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा इंग्रजांनी बंद केला. नानासाहेब पेशवे हे नाव दोघांनाही लागू पडते, म्हणून लिहिताना 'बाळाजी बाजीराव' किंवा 'धोंडोपंत' असा खुलासा पहिल्याच वाक्यात करावा. दोघांच्या मध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, तरी एकाची हकिकत दुसऱ्याच्या खाती जमा झालेली दिसते. उठावानंतर धोंडोपंत नेपाळच्या तराईत नाहीसे झाले. 1874 मध्ये ग्वाल्हेरला एकाला नानासाहेब म्हणून धरले, पण ओळख पटली नाही.

मुंबईचे नाना हे जगन्नाथ शंकरशेट (1803–1865). त्याच 1857 च्या धामधुमीत सरकारचा संशय त्यांच्यावरही आला होता. त्यांच्याविरुद्ध काही सिद्ध झाले नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील (1900–1976) यांचे मात्र नाना हेच नाव, त्यामागे दुसरे नाव शोधू नये.

ठिकाणांचेही तसेच आहे. पुण्यातली नाना पेठ आणि शनिवारवाड्याजवळचा नानावाडा फडणिसांच्या नावाचा. वाईजवळ मेणवलीचा वाडाही त्यांचाच. पर्वतीवरचे देवदेवेश्वर आणि कात्रजहून पुण्यात पाणी आणणारा नळ बाळाजी बाजीरावांच्या काळातला. मुंबईचा नाना चौक शंकरशेटांचा, आणि कानपूरचा नानाराव पार्क धोंडोपंतांचा.