बालकांचा मानसशास्त्रीय मूल्यमापन अहवाल

चाचण्या, मुलाखती आणि निरीक्षण यांतून एखाद्या मुलाविषयी काय आढळले, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय करावे, हे सांगणारा मानसशास्त्रज्ञाचा लेखी दस्तऐवज. ज्याच्याविषयी तो लिहिलेला असतो ते मूल बहुधा तो वाचत नाही. वाचतात पालक, शिक्षक, डॉक्टर, क्वचित न्यायालय. (मोठेपणी मात्र जुन्या फायलीतून तो त्याच्या हाती पडू शकतो, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.)

मूल ज्या प्रश्नासाठी आणले, तो प्रश्न हा अहवालाचा कणा. ‘तोंडी सगळे येते, मग लिहिताना का अडते?’ असे विचारणाऱ्या आईला चाचणीवार गुणांची कोष्टके देऊन उत्तर मिळत नाही. तरीही चाचणीवार मांडणीच जास्त आढळते, कारण लिहायला ती सोपी. दुसरा दोष गुळमुळीतपणाचा. ‘प्रेमळ, पण कधीकधी हट्टी’ हे वर्णन कोणत्या मुलाला लागू पडणार नाही? मानसशास्त्रज्ञ नॉर्मन टॅलेंट यांनी १९५८ मध्ये अशा लिखाणाला ‘आँट फॅनी’ हे नाव दिले: जे या व्यक्तीला लागू, ते तिच्या मावशीलाही लागू! याउलट ‘कार्यकारी स्मृती क्षीण’ हे नेमके असले, तरी घरच्यांना कळत नाही. ‘तीन कामे एका दमात सांगितली, तर पहिले करतो, उरलेली दोन विसरतो’ असे लिहिले की शिक्षकाला काय करायचे ते आपोआप सुचते.

सर्वांत जास्त घोटाळा आकड्यांचा. २५ वा पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी २५ गुण नव्हेत; त्या वयाची सुमारे २५ टक्के मुले या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवतात, एवढाच त्याचा अर्थ. बुद्धिमत्ता मोजणाऱ्या वेक्स्लर चाचण्यांत बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ धरतात, त्यामुळे सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ मध्ये येतात. प्रत्येक मापनात थोडी चूक असतेच. म्हणून सुटा ९२ न लिहिता त्याभोवतीचा पट्टा, म्हणजे खरा गुण ज्यांच्यामध्ये असण्याची शक्यता जास्त ते दोन आकडे, देतात.

अहवाल नुसता हाती ठेवून भागत नाही, तो समोर बसून समजवावा लागतो. उपचारात्मक मूल्यमापनाची, म्हणजे मूल्यमापनातूनच कुटुंबाला मदत करण्याची, पद्धत रुजवणारे मानसशास्त्रज्ञ स्टीफन फिन यांनी यासाठी एक क्रम सुचवला: पालकांना आधीपासून जाणवत होते ते प्रथम, त्यांची समजूत थोडी बदलणारे नंतर, आणि तिला धक्का देणारे शेवटी. निदानाचा शब्द कानी पडला की पुढचे फारसे ऐकू येत नाही, हे पाहिलेल्याला हा क्रम पटतो. शाळेला द्यायची प्रत निराळी असावी; आईवडिलांतल्या कुरबुरी वर्गशिक्षकाला कळण्याचे कारण नाही. चाचणीतले मूळ प्रश्नही अहवालात छापत नाहीत, कारण ते फुटले की चाचणी निकामी होते.

लहान मुलाला निष्कर्ष सांगण्यासाठी याच पद्धतीत खास त्याच्यासाठी एक गोष्ट रचतात. तिच्यातल्या प्राण्याची अडचण मुलाच्या अडचणीसारखीच असते. आणि गोष्टीतले काही पटले नाही, तर ते बदलण्याची मुभा मुलाला असते.