२२ केएन लिहिलंय म्हणजे निर्धास्त?

झाडावर चढून काम करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या, उघडबंद होणाऱ्या धातूच्या कडीवर) केएनचा, म्हणजे किती ओढ सोसेल ते सांगणाऱ्या किलोन्यूटनचा, आकडा जितका मोठा तितका तो सेफ. अर्धंच खरं आहे हे. २२ केएन म्हणजे साधारण २२०० किलोचा भार, पण तो लांबीच्या दिशेने आणि गेट, म्हणजे कडीची उघडणारी दांडी, बंद असताना. तोच कॅराबिनर आडवा फिरला किंवा गेट उघडं राहिलं की ताकद बऱ्याचदा ७-८ केएनवर येते, हे आकडे त्याच्यावरच बारीक अक्षरात कोरलेले असतात, वाचतं कोण!

त्यामुळे आकड्यापेक्षा लॉक बघा. स्क्रूगेटची (हाताने फिरवून लॉक करायच्या कॅराबिनरची) बाही, म्हणजे गेटवरची फिरणारी नळी, दोर किंवा फांदी घासून हळूहळू सुटू शकते, म्हणून चढाईच्या मुख्य दोराला आपोआप बंद होणारा, तीन हालचालींशिवाय न उघडणारा ट्रिपल-ॲक्शनच घ्या. पण त्यावरही आंधळा विश्वास नको हं, भुसा आणि चीक स्प्रिंगमध्ये बसला की गेट अर्धवट अडकतं आणि लांबून बंदच दिसतं. दरवेळी गेट सोडल्यावर बाही न फिरवता बोटाने आत दाबून बघायचं, हललं तर लॉक लागलेलं नाही. चिकट झाला असेल तर कोमट पाण्यात धुवा, नीट वाळवा, आणि तरी गेट स्वतःहून मिटत नसेल तर सरळ बाद करा.