अथेन्सच्या कुंभारवाड्यातल्या खापऱ्या

मातीचं भांडं फुटलं की त्याच्या खापऱ्या कुजत नाहीत, गंजत नाहीत आणि त्या कुणी चोरूनही नेत नाही. म्हणूनच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य अथेन्सकराचा राग आज आपल्याला त्याच्याच अक्षरात वाचता येतो. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन उत्खनकांना अथेन्सच्या केरामेइकोस भागात, म्हणजे तिथल्या जुन्या कुंभारवाड्यात, एरिडानोस नावाच्या ओढ्याच्या जुन्या पात्रातल्या भरावात साडेआठ हजारांच्या आसपास खापऱ्या सापडल्या. त्यांवर टोकदार वस्तूनं माणसांची नावं कोरलेली होती, बऱ्याचदा वडिलांच्या नावासकट. या सगळ्या मतपत्रिका होत्या, आणि ज्याचं नाव कोरलं त्याला शहराबाहेर काढण्यासाठी त्या टाकलेल्या होत्या.

पद्धत अशी होती. वर्षातून एकदा नागरिकांच्या सभेत विचारलं जाई की यंदा कुणाला तडीपार करायचं आहे का. सभेचा होकार आला तर काही आठवड्यांनी अगोरात, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, फळ्यांचं कुंपण घालून मतदान होई. आत जायला दहा जमातींसाठी दहा दारं असत. किमान 6,000 खापऱ्या पडाव्या लागत. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाहीत, बचावाचं भाषणही नाही. निवडल्या गेलेल्या माणसानं दहा दिवसांत निघायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. मात्र त्याची शेतीवाडी शाबूत राहायची आणि परतल्यावर सगळे हक्क जसेच्या तसे मिळायचे. इ.स.पू. 487 मध्ये पहिल्यांदा असं घडलं, आणि त्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत ही प्रथा बंद पडली.

खापरीवर नुसतं नाव पुरेसं होतं. तरी काहींना राहवलं नाही आणि त्यांनी कारणही कोरलं. मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या याच मोजक्या खापऱ्या. केरामेइकोसमधल्या निम्म्याहून अधिक खापऱ्या मेगाक्लीस या बड्या घराण्यातल्या पुढाऱ्याच्या नावाच्या आहेत. एकीवर त्याला ‘घोडे पाळणारा’ म्हटलं आहे. यात कसला गुन्हा, असं आपल्याला वाटेल. पण अथेन्सभोवतीचा ॲटिका प्रदेश खडकाळ, चराऊ रानं कमी, आणि शर्यतीच्या रथाला चार घोडे लागत. जिथे बहुतेकांची थोडी जमीन आणि चार ऑलिव्हची झाडं, तिथे घोडे बाळगणं म्हणजे श्रीमंतीचं उघड प्रदर्शन. मेगाक्लीसनं इ.स.पू. 486 मध्ये डेल्फीला रथांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी तो तडीपार झाला. दुसऱ्या खापरीवर तो पैशाचा लोभी आहे, आणखी एकीवर त्याच्या केसांच्या नव्या ठेवणीचा उल्लेख आहे.

किमोन या सेनापतीच्या एका खापरीवर तर थेट हुकूम आहे: एल्पिनीकेला घेऊन चालता हो! एल्पिनीके त्याची बहीण. दोघांच्या संबंधांबद्दल शहरात कुजबुज होती, आणि कुणीतरी ती मतपत्रिकेवर उतरवली. कॅलियास नावाच्या अथेन्सकराविरुद्धच्या एका खापरीवर मतदारानं चित्रच काढलं आहे, धनुष्यबाण घेतलेल्या इराणी सैनिकाचं, पायांत विजार असलेल्या. ग्रीक पुरुष विजार घालत नसत, त्यामुळे पाहणाऱ्याला अर्थ लगेच कळत असणार: हा आपला नाही, शत्रूचा आहे. एका मतदारानं तर माणसाऐवजी ‘दुष्काळ’ हेच नाव लिहिलं.

फितुरीचा संशय बाजूला ठेवला, तर यातल्या फार थोड्या गोष्टींवर कुणाला कोर्टात उभं करता आलं असतं. केस, घोडे, घरातले संबंध, पैशाचा तोरा या न लिहिलेल्या मर्यादा होत्या, आणि बड्यांनी त्या ओलांडल्या की लोकांच्या डोळ्यांवर येत. अर्थात ‘लोक’ म्हणजे फक्त प्रौढ पुरुष नागरिक. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले रहिवासी यांना काय खुपत होतं, ते या ढिगात नाही.

शिवाय ढिगातली प्रत्येक खापरी उत्स्फूर्त होती असंही नाही. 1937 मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांना ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्सच्या बालेकिल्ल्याच्या टेकडीच्या, उत्तर उतारावरच्या एका विहिरीत 190 च्या आसपास खापऱ्या मिळाल्या. सगळ्या थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या, पुष्कळशा तर मद्याच्या पेल्यांच्या गोल बुडांवर कोरलेल्या. अक्षरांची वळणं आणि शब्दलेखनाच्या सवयी तपासल्यावर दिसलं की हे सगळं अवघ्या 14 हातांचं काम आहे. म्हणजे विरोधकांनी आधीच खापऱ्या तयार ठेवल्या होत्या, वाटण्यासाठी. इराण्यांविरुद्धच्या सलामिसच्या लढाईत अथेन्सला वाचवणाऱ्या माणसाविरुद्ध ही मोहीम चालली होती.

खापऱ्यांच्या कडाही बोलतात. फुटलेल्या कडा एकमेकींत चपखल बसल्या तर तुकडे एकाच भांड्याचे ठरतात. केरामेइकोसमध्ये मेगाक्लीस आणि थेमिस्टोक्लीस यांच्या नावांचे तुकडे असे जुळले. एकच भांडं फोडून दोन वेगळी नावं लिहिली गेली, तर ती एकाच मतदानात, हा तर्क सरळ आहे. थेमिस्टोक्लीसची तडीपारी इ.स.पू. 471 च्या सुमाराची, म्हणून या ढिगाचा मोठा भाग अनेक अभ्यासक त्याच काळात ठेवतात. याचा अर्थ, तडीपारी भोगून परतलेल्या मेगाक्लीसवर लोकांचा राग पंधरा वर्षांनीही तसाच होता.

रोममध्येही अशाच गोष्टी खुपत, पण तिथे निकाल दोन सेन्सॉर, म्हणजे नागरिकांच्या वागणुकीवर नजर ठेवणारे अधिकारी, लावत. इ.स.पू. 275 मध्ये त्यांनी पब्लियस कॉर्नेलियस रुफिनस या दोनदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालेल्या माणसाला सिनेटमधून काढलं, कारण त्याच्या घरी दहा रोमन पौंड वजनाची चांदीची भांडी होती. पुढे इ.स.पू. 184 मध्ये सेन्सॉर झालेल्या थोरल्या केटोनं मॅनिलियस नावाच्या सिनेटरला हाकललं ते त्यानं दिवसाढवळ्या, मुलीच्या देखत बायकोचं चुंबन घेतलं म्हणून. या गोष्टी आपल्याला इतिहासकारांनी नंतर लिहिलेल्या ग्रंथांतून कळतात. रुफिनसच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या चांदीबद्दल काय वाटत होतं, हे सांगणारी एकही खापरी रोमकडे नाही.