इतिहासात पीएचडी करायचीय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी पाहा

पीएचडी प्रवेशाची जाहिरात निघाली की माझ्याकडे अर्ज दाखवायला लोक येतात. कुणाला गावच्या जत्रेवर काम करायचं असतं, कुणाला सत्यशोधक जलशांवर, कुणाला कोकणातल्या जुन्या बंदरांवर. विषय ऐकून जीव हरखतो. पण त्यातले कितीतरी अर्ज छाननीतच बाद होतात, आणि तेही अभ्यास कमी पडला म्हणून नाही. कागदावर एक वाक्य कमी असतं किंवा तारीख उलटून गेलेली असते. वर्ष वाया जातं ते एवढ्यासाठी.

पात्रता सोपी आहे. सध्या यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नोव्हेंबर २०२२ चे नियम लागू आहेत. एम.ए.ला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधले ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ७५ टक्क्यांवर थेट अर्ज करता येतो. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी श्रेणी असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतर करून दिल्याचं पत्र आधीच आणून ठेवा. ते ऐन वेळी मिळत नाही. आणि ५४.९ म्हणजे ५५ धरतील या भरवशावर राहू नका.

प्रवेश परीक्षेत, म्हणजे आपल्याकडच्या ‘पेट’मध्ये, निम्मे गुण संशोधन पद्धतीला आणि निम्मे विषयाला असतात. इतिहासवाले विषयाचा रट्टा मारून जातात आणि संशोधन पद्धतीत गुण गमावतात. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४५. पुढे परीक्षेचे ७० आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून गुणवत्ता यादी लागते.

आता नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीसह) सगळं मिळालेले, सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेश या दोन्हींसाठी पात्र ठरलेले, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरलेले. दुसऱ्या गटातले लोक हमखास फसतात. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आयुष्यभर टिकते, हे त्यांनी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण एकच वर्ष चालतात. दोन वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र जोडून निर्धास्त बसलेल्या उमेदवाराला हे सांगताना मला फार वाईट वाटतं. तोवर पेटचा अर्ज भरायची तारीखही निघून गेलेली असते.

नोकरी सांभाळून, म्हणजे अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांचं घोडं बहुतेक ना-हरकत प्रमाणपत्रावर अडतं. गेल्या वर्षी एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई कागद तपासून घ्यायला आल्या होत्या. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळं क्रमाने लावलेलं. ना-हरकत प्रमाणपत्रावर गोल शिक्का, जावक क्रमांक, सही, सगळं होतं. मजकूर मात्र एका ओळीचा: ‘सदर शिक्षिकेस पीएचडी करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’ छाननीत तो अर्ज बाद झाला. नियमाला त्या कागदावर तीन गोष्टी हव्या असतात: उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, नोकरीच्या कामातून त्याला संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) त्याला कामातून मोकळं केलं जाईल. ही तीन वाक्यं शब्दशः टाईप करून साहेबांपुढे ठेवा. कार्यालयात हा नमुना कुणाकडे नसतो आणि कुणी तो शोधून देत नाही. बाईंना ती सही मिळवायला तालुक्याच्या ठिकाणी चार हेलपाटे पडले होते. जाहिरातीसोबत प्रमाणपत्राचा नमुना जोडायला विद्यापीठांना काय अडचण आहे, हे मला आजवर समजलेलं नाही.

राखीव जागेवरून अर्ज असेल तर नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राची मुदत बघा. ती ३१ मार्चला संपते, आणि प्रवेशाची प्रक्रिया पुष्कळदा मार्च ओलांडून जाते. अर्ज भरताना चालू असलेलं प्रमाणपत्र पडताळणीच्या दिवशी बाद झालेलं असतं. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठात जायचं तर ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनो, एम.ए.च्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आत्ताच काढून ठेवा. स्थलांतर प्रमाणपत्र, फोटो, फी या गोष्टी जाहिरातीत नीट दिलेल्या असतात.

मार्गदर्शक शोधताना एकच गोष्ट आधी विचारा: निवृत्तीला किती वर्षं उरलीत? तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांनी प्रेमाने ‘ये, करू आपण’ म्हटलेलं असतं आणि पोरं त्यावर विसंबतात. शिवाय एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. रिक्त जागांची यादी पाहिल्याशिवाय विषय पक्का करू नका.

मुलाखतीत खरी परीक्षा होते ती संशोधन आराखड्याची. ‘मराठेशाहीतील समाजजीवन: एक अभ्यास’ अशा नावाचे आराखडे आजही येतात. त्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, साधनं कुठे आहेत? आणि उत्तर येतं, ग्रंथालयात. विषय आवळा. जुन्नर प्रांतातले अठराव्या शतकातले वतनाचे तंटे आणि त्यांचे महजर, म्हणजे निवाडापत्रं, असं म्हटलंत, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात काय शोधायचं हे तुम्हालाही कळतं आणि समितीलाही. विषय आधी कुणी केलाय का, ते ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर प्रबंध आणि ‘शोधगंगोत्री’वर आराखडे बघून ताडून घ्या. जत्रा, जलसे, ओव्या असा विषय असेल तर कुणाला भेटणार, कोणत्या गावांत, ध्वनिमुद्रणाला त्यांची संमती कशी घेणार, हे आराखड्यातच लिहा.

साधनांची भाषा येते का, हाही प्रश्न येतोच. दफ्तरातला रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडून पहिला कागद हातात घेतला की भल्याभल्यांची छाती दडपते. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला लगटून लिहीत जायचं, त्यामुळे एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला हे सुटं दिसत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मराठी कागदांसाठीही मोडी लागते, आणि गोव्याच्या पुराभिलेखात पोर्तुगीजशिवाय फार पुढे जाता येत नाही. मोडीचा वर्ग प्रवेशाआधीच करून प्रमाणपत्र अर्जाला जोडा. मुलाखत घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो.

प्रवेश मिळाल्यावर अभिलेखागारात जाताना विभागाचं पत्र आणि ओळखपत्र न्या. पत्रावर विषय, कालखंड आणि कोणती कागदपत्रं पाहायची आहेत ते लिहून घ्या. नुसतं ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढंच लिहिलेलं पत्र नेलंत तर सकाळची गाडी धरून गेलेला दिवस फुकट जाऊ शकतो.

मुदतीचा घोळ शेवटी अनेकांच्या जिवावर बेततो. कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. ही सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, विषयाला मान्यता मिळाल्यापासून नाही. समितीची बैठक लांबली तरी तुमची वर्षं संपतच असतात, म्हणून प्रवेशाचं पत्र जपून ठेवा आणि त्यावरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना याखेरीज दोन वर्षांची सवलत आहे, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ती मार्गदर्शकाला तोंडी सांगून घेऊ नका. विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.